कार्ड टाका, पण उत्तराची सोय करून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हापासून 'पोस्ट बंद झालं', 'लाल पेट्या काढून नेणार' असं जे मोबाइलवर फिरलं, ते अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. गावाकडच्या आत्याला, मामाला, थोरल्या बहिणीला चार ओळी टाकाव्यात असं मनात असलेली माणसंही 'आता कार्ड मिळतं का?' असं विचारून गप्प बसतात. मिळतं. पोस्टकार्ड ५० पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना आणि २० ग्रॅमपर्यंतचं पाकीट पाच रुपयांच्या तिकिटावर आजही जातं. कार्डं एकदम दहा घ्यावीत, पाच रुपये होतात आणि खिडकीवर सुट्ट्याचा घोळ राहत नाही. पोचल्याची नोंद हवी असेल तरच स्पीड पोस्ट करावं. त्याला ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ आणि बाहेरगावी ४७ रुपये, शिवाय वर जीएसटी पडतो. नातलगांच्या खुशालीला तो खर्च करायची गरज नाही.

फोन असताना पत्र कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी फोन असून नसल्यासारखा असतो. 'हो, हो, बरं आहे' म्हणून ती माणसं फोन मुलाच्या हातात देतात, आणि बोलणाऱ्याला वाटतं बोलणं झालं. शिवाय घरातला फोन बहुधा सुनेचा किंवा नातवाचा असतो. पत्रावर मात्र त्या म्हातारीचं नाव असतं. पोस्टमन ते नाव घेऊन हाक मारतो, आणि पत्र उशाखाली राहतं. हवं तेव्हा काढून पुन्हा वाचता येतं, दुसऱ्याकडून वाचून घेता येतं. ऐंशीच्या पुढच्या माणसाशी संबंध टिकवायचा तर एवढं कारण पुष्कळ आहे.

अडचण अशी की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पत्र टाकण्याची रीतच हातातून गेली. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापली जातात. २१ नोव्हेंबर १९४७ ला निघालेलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, तिरंग्याचं आणि 'जय हिंद' लिहिलेलं साडेतीन आण्यांचं, तेही इथलंच. पण त्याच गावातल्या घरात आज तिकीट कोणत्या कोपऱ्यात लावायचं हे विचारावं लागतं. (वरच्या उजव्या. मागे लावलं तर त्यावर शिक्का बसत नाही आणि पत्र अडतं.) म्हणून हे जरा तपशिलात लिहितो.

पत्रं हरवतात ती बहुतेक वेळा पत्त्यापायी. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, संस्कृतचे पंडित आणि टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटप करणारं डाकघर. म्हणजे पिनकोड डाकघराचा असतो, गावाचा नसतो. एका डाकघराखाली दहा-बारा खेडी असली तर सगळ्यांचा पिन एकच. त्यामुळे पिन लिहिला म्हणून गावाचं नाव गाळलं की पत्र त्या डाकघरापर्यंत येतं आणि तिथेच घुटमळतं. उलटही होतं. नुसतं 'पिंपळगाव, जि. नाशिक' लिहिलं तर कोणतं? निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत हवं असेल तर 'बसवंत' लिहायलाच हवं, आणि ४२२२०९ हा पिनही. सावरगाव, वडगाव ही नावं तर राज्यभर सापडतात. खेड्याचा पत्ता असा लिहावा: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वस्ती किंवा मळा, मु. गावाचं नाव, पो. डाकघराचं नाव, ता., जि., पिन. मुक्काम आणि पोस्ट वेगळं असेल तर दोन्ही लिहावं. 'मु. पो.' एकत्र लिहायचं ते दोन्ही एकच असेल तेव्हाच.

शहरात घोळ वेगळा होतो. सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, जवळची खूण हे सगळं लिहून मूळ माणसाचं नावच पेटीवर नसतं. भाड्याने राहणाऱ्यांच्या बाबतीत हे फार. अशा वेळी 'द्वारा' लिहून घरमालकाचं, म्हणजे जे नाव पेटीवर आहे ते, खाली द्यावं. लग्न झालेल्या बहिणीला माहेरच्या नावाने पत्र टाकलं तर पोस्टमन दारापर्यंत येऊन परत जातो. सासरचं आडनाव लिहावं, माहेरचं आत मायन्यात हवं तितकं लिहावं. महाराष्ट्रात मराठी पत्ता चालतो. इंदूर, बडोदा, हैदराबादला टाकताना शहर, राज्य आणि पिन इंग्रजीतही लिहावा. मराठी वाचणारा माणूस वाटेतल्या प्रत्येक वर्गवारीच्या टेबलावर बसलेला नसतो. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खाली डावीकडे किंवा मागे, पूर्ण, पिनसह. तो नसेल तर परत यायलाही पत्राला वाट नसते.

पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूचा उजवा अर्धा भाग पत्त्यासाठीच मोकळा ठेवावा. डाव्या अर्ध्यात मजकूर चालतो, पण तो सरकत सरकत पिनच्या चौकटीत गेला की वर्गवारी करणाऱ्याचा गोंधळ होतो. कार्ड चौदा बाय नऊ सेंटिमीटरचं. बारीक अक्षरात त्यावर दीडशे शब्द बसतात. पण म्हाताऱ्या डोळ्यांसाठी लिहायचं तर सत्तर-ऐंशीच बसवावेत. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांच्यासाठी काळ्या बॉलपेनने, पाऊण सेंटिमीटर उंचीचं अक्षर, दोन ओळींत बोटभर अंतर. दिसायला पसरट दिसतं. पण चष्मा सापडेपर्यंत थांबावं लागत नाही.

पेन बॉलपेनच असावं. बहुतेक जेलपेनांची आणि शाईपेनांची शाई पाण्यात विरघळते. जून ते सप्टेंबर इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा, पेठ या पट्ट्यात पोस्टमनची पिशवी कितीही झाकली तरी ओल लागते, आणि पत्त्यावरचा 'मळा' जाऊन निळा डाग उरतो. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती टिकते. जेलपेननेच लिहिलं असेल तर निदान पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, तिकिटावर मात्र लावू नये. त्यावर शिक्का धरत नाही. पावसाळ्यात कोऱ्या पाकिटांची झाकणं आपोआप चिकटतात. पाकिटं आणि तिकिटं डब्यात, तिकिटांमध्ये बटरपेपर घालून ठेवावीत.

आंतरदेशीय पत्रात काहीही ठेवायचं नाही, फोटो नाही, चिठ्ठी नाही, कुंकवाची पुडीसुद्धा नाही. ठेवलं तर त्याला पाकिटाचा दर लागतो आणि कमी पडलेल्या तिकिटाची भरपाई घेणाऱ्याच्या माथी येते. आंतरदेशीय पत्राची दुसरी अडचण म्हणजे उघडताना होणारं नुकसान. चिकटवायच्या पट्टीच्या कडेपर्यंत लिहायची आपली सवय. समोरचा माणूस बोट घालून ती कड फाडतो आणि नेमकं 'ऑपरेशन कधी आहे' त्यातलं 'कधी' कागदाच्या तुकड्यावर जातं. तिन्ही कडांना एक सेंटिमीटर जागा सोडावी. डिंक काडीने, पातळ लावावा. जास्त झाला तर आत पाझरतो आणि दोन घड्या एकमेकींना चिकटतात. उघडायला विणकामाची सुई उत्तम.

पाकिटाचं वजन घरी काटा नसला तरी कळतं. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो, लांबट पाकीटही तेवढंच. म्हणजे तीन कागद आणि पाकीट २० ग्रॅमच्या आत, चौथा घातला की बाहेर. चार बाय सहाचा फोटो साधारण साडेतीन-चार ग्रॅम, म्हणून दोन कागद आणि एक फोटो असा हिशेब धरावा. २० ग्रॅमच्या वर गेलं की आणखी पाच रुपयांचं तिकीट. ते विसरलं तर पत्र 'नॉटपेड' होतं, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट, म्हणजे दहा रुपये, घेणाऱ्याकडून वसूल होतात. गावी एकट्या राहणाऱ्या काकूंना पोस्टमनसमोर सुटे दहा रुपये शोधायला लावू नयेत. पिना मारू नयेत. शिक्का मारताना, गठ्ठे बांधताना त्या हाताला लागतात आणि शेजारचं पत्र फाडतात. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे चेहऱ्यावर उठतं, मऊ पेन्सिलीने लिहावं, आणि फोटोच्या तोंडाला साधा कागद लावावा.

मायन्याबद्दल थोडं. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव' हा भेद जुन्या माणसांच्या लक्षात येतो आणि चुकला तर खटकतोही. 'गं. भा.' लिहायचं की नाही हा प्रश्न अनेक घरांत येतो. आमचं मत स्पष्ट आहे: लिहू नये. 'ती. स्व. काकूंस साष्टांग नमस्कार' यात आदर पुरता येतो, आणि वैधव्याची आठवण दर पत्राच्या पहिल्या ओळीत करून देण्याचं काही कारण नाही.

आता मजकूर. 'इकडील सर्व क्षेम' लिहून झालं की पुढे काय, इथे बहुतेकांचं पेन थांबतं. बाहेरगावी गेलेल्या नाशिककराला खुशालीच्या शब्दांपेक्षा वस्तू कळवाव्यात. 'यंदा गोदावरीला पूर आला' यातून काही दिसत नाही. 'पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं' म्हटलं की चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या माणसाला रामकुंड, पूल, बुडालेल्या पायऱ्या, सराफ बाजारात हलवलेला माल, सगळं दिसतं. लासलगावला कांदा कितीने गेला, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या कोवळ्या घडांवर अवकाळी पडला का, २०२७ च्या सिंहस्थासाठी कुठला रस्ता खोदलाय, अंगणातल्या लिंबाला किती लिंबं लागली. आकडा असला की वाचणाऱ्याला पुढे विचारायला काहीतरी सापडतं. एका पत्रात अशा तीन गोष्टी पुरेत. दहा गोष्टी कोंबल्या की ती यादी होते आणि उत्तर देणारा दबून जातो.

पत्र मोठ्याने वाचलं जाणार आहे हे धरून चालावं. खेड्यातल्या आजीला शाळेतून आलेली नात वाचून दाखवते, कधी शेजारीण. म्हणून वाक्यं लहान, जोडाक्षरं सुटी, माणसांची नावं प्रत्येक वेळी पूर्ण. 'तो म्हणाला' लिहिलं की वाचणारी अडते. आणि भावकीचा वाद, आजाराचं नाव, पैशाचा व्यवहार यांपैकी काहीही उघड्या कार्डावर लिहू नये. कार्ड वाटेत चार जण वाचतात. ते पाकिटात, आणि वर 'स्वतः उघडावे'. वाईट बातमी मात्र पत्राने पहिल्यांदा कळवूच नये. कार्डाचा कोपरा फाडून कळवायची जुनी चाल होती, पण आज ते कार्ड चार दिवसांनी कुणाच्या हाती, कोणत्या वेळी पडेल सांगता येत नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहिलं ते. एकतर्फी पत्रव्यवहार तिसऱ्या-चौथ्या पत्राला बंद पडतो, आणि 'त्यांना आवड नाही' असा आपण अर्थ काढतो. बहुतेक वेळा त्यांच्याकडे कार्ड नसतं, पोस्ट दोन किलोमीटरवर असतं, पत्ता लिहिताना हात कापतो. पूर्वी जोडकार्ड मिळायचं, अर्धं पाठवायचं आणि अर्धं उत्तराचं. आता ते खिडकीवर सहसा दिसत नाही, पण घरी करता येतं. पाकिटात दोनच कागद घालावेत आणि एक कोरं पोस्टकार्ड, त्यावर आपला पत्ता पूर्ण लिहून. वजन २० ग्रॅमच्या आत राहतं आणि तिकीट कार्डावर आधीच छापलेलं असतं. समोरच्याने फक्त मागे लिहून पेटीत टाकायचं, किंवा दारात येणाऱ्या पोस्टमनच्या हाती द्यायचं. दिवाळीला भेट होते तेव्हाच अशी बारा कार्डं पत्ते लिहून देऊन ठेवावीत. बारा कार्डांचे सहा रुपये.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी खुणेचं कार्ड करावं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात पाच ओळी: 'पत्र मिळालं', 'गुडघा बरा / दुखतो', 'झोप लागते / लागत नाही', 'गोळ्या आहेत / संपल्या', 'फोन करा'. प्रत्येकापुढे चौकट. त्यांनी खूण करायची, खाली सही किंवा अंगठा. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांनाही चौकटीत फुली मारता येते. एका बाजूला मोकळी जागा ठेवावी, कारण तिथे कधीतरी दोन शब्द येतात, आणि ते दोन शब्द इतर सगळ्यांपेक्षा मोलाचे असतात.

प्रश्न विचारायचा तर एकच, आणि 'कसे आहात?' हा नव्हे. त्याचं उत्तर 'बरा आहे' एवढंच येतं. 'आपल्या जुन्या वाड्यातली विहीर माजघराच्या कोणत्या बाजूला होती?', 'मिरगुंडात पापडखार किती घालायचा?', 'सटाण्याच्या आत्यांचं माहेरचं आडनाव काय?' असं विचारावं. ज्यांची आत्ताची आठवण कमी झाली आहे त्यांनाही हे बहुधा सांगता येतं, कारण जुनं जास्त काळ टिकतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की पुढच्या पत्रात त्याचा उल्लेख करावा, 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे पापडखार घातला' असा. नाहीतर तिसरं उत्तर येत नाही.

पत्रांवर क्रमांक टाकावा. 'पत्र ७' आलं आणि ६ आलंच नाही तर लगेच कळतं. जुनी माणसं 'तुझे ३ तारखेचे पत्र ९ तारखेस पोचले' असं पहिल्याच ओळीत लिहीत, त्याचं कारण हेच. त्यावरून आपल्या दोन गावांमधला टपालाचा वेग कळतो, आणि राखी, भाऊबीज, वाढदिवस यांची पत्रं कधी टाकायची हे ठरतं. राज्यात साधारण तीन ते पाच दिवस धरावेत, परराज्यात आठवडा, सणासुदीला त्यावर आणखी तीन-चार. पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते. ती टळल्यावर टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशीच निघतं, शनिवारी संध्याकाळी टाकलेलं सोमवारी.

सैन्यातल्या मुलाला लिहिताना गावाचं, राज्याचं नाव लिहायचं नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचं डाकघर) आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. बस. तो लडाखला आहे हे माहीत असलं तरी पत्त्यात ते घालू नये. युनिट हललं की सैन्याचं टपाल त्याच्या मागे जातं, गावाच्या नावावर टाकलेलं जात नाही. परदेशी पत्राला पत्ता इंग्रजीत, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत, आणि आत फक्त कागद. राखी, बी-बियाणं, हळदकुंकू टाकलं की ते पत्र राहत नाही, वस्तू होते, आणि कस्टमचा फॉर्म लागतो.

संक्रांतीला देशातल्या देशात पत्रातून हलवा पाठवायची रीत अजून काही घरांत आहे, ती जपावी. काटेरी हलव्याचे दहा-बारा दाणे, बटरपेपरच्या चपट्या घडीत, एकावर एक येणार नाहीत असे पसरून. घडी पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कागदाला चिकटवावी. वरच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकली तर शिक्क्याखाली भुगा होतो आणि पाकीट फाटतं. तिळाचा लाडू किंवा गुळाची वडी घालू नये. तेल सुटतं, पत्ता डागाळतो, मुंग्या लागतात.

आलेली पत्रं पाकिटासकट ठेवावीत, कारण शिक्क्यावरची तारीख आणि गाव पाकिटावरच असतं. रबर लावू नये. नाशिकच्या मे महिन्यात तो वितळून कागदाला चिकटतो. सुती नाडीने बांधावीत. जुन्या गठ्ठ्यात मोडीतली पत्रं निघाली तर 'वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक वाचक, नाशिकरोड

ता. क. पत्त्यांची वही करताना पत्त्याशेजारी पत्र वाचून दाखवणाऱ्या व्यक्तीचंही नाव लिहून ठेवावं. नात शिकायला पुण्याला गेली की वाचणारं कोणी उरत नाही, आणि पत्रं न उघडता कपाटात जातात. पुढचं पत्र नव्या वाचणाऱ्याच्या द्वारा टाकावं.